दोन मित्र एका कागदावर : ग्रॅफाइट व्यक्तिचित्रात कॉन्टूर रेषा कशी चालवावी

चेहऱ्याला प्रत्यक्षात रेषा नसते. गाल वळून नजरेआड जातो, त्या जागी आपण रेषा काढतो, इतकेच. म्हणून बघणाऱ्याने मान दोन इंच हलवली की बाह्यरेषाही सरकते. ही गोष्ट डोक्यात पक्की असली की पुढचे बरेच सोपे होते. रेषा कुठे ठळक करायची, कुठे सोडून द्यायची, आणि दुसऱ्याच्या गालामागे ती कुठे थांबवायची, हे सगळे त्या वळणावरून ठरते.

कॉन्टूर म्हणजे आकाराची कड किंवा वळण दाखवणारी रेषा, फक्त बाहेरची कड नव्हे. तीन प्रकार वेगळे ओळखावे लागतात. पहिली बाह्यरेषा, म्हणजे डोके आणि पार्श्वभूमी यांच्यातली हद्द. दुसरी आतली रेषा : वरची पापणी डोळ्यावर येते ती, नाकपुडीची पाळी गालाला मिळते ती, हनुवटी मानेवर झाकण घालते ती. तिसरी क्रॉस कॉन्टूर, म्हणजे आकारावरून आडवी फिरणारी काल्पनिक रेषा. शाळेच्या भूगोलात नकाशावर डोंगराच्या समोच्च रेषा असत, त्या आठवा. तिथे रेषेवरून उंची कळते, इथे पृष्ठभाग कोणत्या बाजूला कलला आहे ते कळते. तयार चित्रात ही तिसरी रेषा सहसा दिसत नाही, पण तिच्याशिवाय काढलेला चेहरा पुठ्ठ्यातून कापल्यासारखा वाटतो.

साहित्य

कागद ए३, १६० ते २०० जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅममध्ये वजन), किंचित दाणेदार कार्ट्रिज, म्हणजे चित्रकलेचा जाडसर कागद. फार गुळगुळीत कागदावर मऊ शिसे घसरते आणि गडदपणा चढत नाही. फार खरखरीत कागदावर बारीक रेषा दाण्यादाण्यावर तुटते.

पेन्सिली तीनच पुरतात : एचबी, २बी आणि ४बी. पेन्सिलीतले शिसे म्हणजे ग्रॅफाइट आणि चिकणमाती यांचे मिश्रण. ही पद्धत फ्रान्समध्ये कोंते यांनी १७९५ मध्ये काढली. माती जास्त असेल तर शिसे कडक आणि फिकट, ग्रॅफाइट जास्त असेल तर मऊ आणि काळे. २एचसारख्या कडक पेन्सिलीचा मोह टाळा. ती फिकट उठते म्हणून हात नकळत जोर देतो, कागदावर खाच पडते, आणि वरून ४बी फिरवली की ती खाच पांढऱ्या ओरखड्यासारखी दिसते. ती पुसून जात नाही.

टोक शार्पनरने नको, ब्लेडने करा. ८ ते १० मिमी शिसे उघडे ठेवा आणि बारीक सँडपेपरवर फिरवून सुईसारखे करा. अशा टोकाने उभ्या धरलेल्या पेन्सिलीची रेषा पाव मिलिमीटरची येते आणि आडव्या धरलेलीची तीन-चार मिलिमीटर रुंद. रेषेची जाडी बदलण्यासाठी जोर वाढवण्यापेक्षा पेन्सिल कलती करणे केव्हाही बरे.

मळून आकार देता येणारा नीडेबल खोडरबर हवाच. त्याच्या जोडीला एक कडक खोडरबर ठेवा आणि त्याचा कोपरा पाचरीसारखा कापून घ्या. हाताखाली कोरा कागद ठेवा. बोर्ड उभट, टेबलाशी निदान ४५ अंशांत असू द्या. सपाट टेबलावर काढताना कागदाचा वरचा भाग डोळ्यापासून लांब पडतो आणि आखूड दिसतो. हात ते भरून काढतो, आणि कागद उभा करून पाहिला की दोन्ही मित्रांची कपाळे लांबलेली निघतात.

संदर्भ फोटो किंवा बैठक

मोबाइलवर हात लांब करून घेतलेला सेल्फी या कामाला निरुपयोगी आहे. इतक्या जवळून नाक फुगते, कान मागे जातात आणि चौकटीच्या कडेचा चेहरा बाहेरच्या बाजूला ताणला जातो. दोघांच्या फोटोत तर एक जण हमखास कॅमेऱ्याच्या जास्त जवळ असतो, त्यामुळे त्याचे डोके मोठे येते. निदान दोन मीटर लांबून, दुप्पट झूम करून, कॅमेरा दोघांच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवून फोटो घ्या. फ्लॅश नको. खिडकीचा किंवा दिव्याचा एकच प्रकाश, एका बाजूने आणि थोडा वरून, असा हवा. समोरून पडणाऱ्या प्रकाशात वळणे दिसत नाहीत, आणि वळण दिसले नाही तर रेषेला आधार उरत नाही.

दोघांना असे बसवा की एकाचा खांदा, केस किंवा कान दुसऱ्यावर स्पष्ट चढलेला असेल. एकाच्या गालाची कड दुसऱ्याच्या कानाला नुसती चाटून जात असेल, तर कोण पुढे आणि कोण मागे हे कळत नाही, दोन्ही आकार एकमेकांना डिंकाने चिकटवल्यासारखे दिसतात. अशा वेळी एकाला दोन बोटे आत सरकवा, नाहीतर दोघांत मोकळी फट ठेवा. मधले काही नको.

प्रत्यक्ष बसवून काढत असाल तर २० मिनिटांची एक बैठक आणि ५ मिनिटे विश्रांती. खुर्चीच्या पायांभोवती जमिनीवर चिकटपट्टीने खुणा करा आणि स्वतःची खुर्चीही खुणेवरच ठेवा. दोन मित्र शेजारी बसले की बोलणार, हसणार. ते चालेल, डोक्यांचा कल बदलला नाही म्हणजे झाले.

हात बसवण्यासाठी : न बघता रेषा

दुसऱ्या कागदावर प्रत्येकाचे एक, अशी दोन रेखाटने करा, पाच-पाच मिनिटांची. कागदाकडे पाहायचे नाही. नजर कपाळाच्या एका टोकावर ठेवा आणि मुंगी चालावी तशी कडेवरून सरकवा. पेन्सिलही त्याच वेगाने चालली पाहिजे. नजर पुढे पळाली की थांबा. चित्र वेडेवाकडे येईल, डोळा हनुवटीपाशी जाईल, त्याचे काही नाही. या सरावातून एक गोष्ट हाती लागते : भुवईच्या हाडापाशी कड आत कशी जाते, गालाच्या हाडावर बाहेर कशी येते, आणि ती दोघांत किती वेगळी आहे. हे टिपले नाही तर पुढे दोघांना एकच पाठ केलेला जबडा मिळतो.

दोन डोकी मिळून एक आकार

कागद आडवा घ्या. ए३ आडवा ४२ सेंमी रुंद आणि २९.७ सेंमी उंच असतो. हनुवटीपासून टाळूपर्यंत ११ ते १२ सेंमीचे डोके ठेवले तर दोघे खांद्यांसकट मावतात. चेहरे याहून लहान झाले की डोळे दीड सेंमीच्या आत येतात आणि पापणीची जाडी दाखवायला जागा उरत नाही.

आधी एक चेहरा पूर्ण करून मग शेजारी दुसरा जोडणे ही सर्वांत महाग पडणारी चूक. दुसरा उरलेल्या जागेत कोंबला जातो, किंवा हात सरावल्यामुळे थोडा मोठा होतो. दोघे मिळून एकच आकार आहे असे धरा. सर्वांत वरचा, खालचा, डावा आणि उजवा बिंदू एचबीने नोंदवा आणि सरळ रेषांनी जोडा. पाच-सहा रेषांत बाहेरचा साचा येतो.

मग मोजमाप. हात कोपरात न वाकवता सरळ करा, एक डोळा मिटा आणि पेन्सिलीवर अंगठ्याने पुढच्या मित्राच्या डोक्याची उंची घ्या. मागच्याचे डोके त्याच्या किती, दोघांच्या नाकांमधले अंतर किती, खांदा हनुवटीखाली किती, हे सगळे याच एका मापाने. त्यानंतर एकाच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून दुसऱ्याच्या तशाच कोपऱ्यापर्यंत पेन्सिल आडवी धरून तिचा कल पाहा. हा एक कल बरोबर आला तर दोन्ही डोकी एकमेकांच्या नात्यात बसतात.

दोघांच्या मधली रिकामी जागा स्वतंत्र आकार म्हणून काढा. एकाचा कान, दुसऱ्याचा गाल आणि खाली मिळणारे खांदे यांनी वेढलेला तो तुकडा बहुधा वाकड्या त्रिकोणासारखा असतो. चेहऱ्याबद्दल मनात ठसे असतात, रिकाम्या तुकड्याबद्दल काहीच नसते, म्हणून तो डोळ्याला दिसतो तसाच उतरतो.

डोके सरळ असेल तर डोळे टाळू आणि हनुवटी यांच्या बरोबर मध्ये येतात. जवळजवळ प्रत्येक जण ते वर काढतो, कारण केसांखालची कवटी हिशेबात धरलीच जात नाही. कान साधारणपणे भुवईपासून नाकाच्या तळापर्यंत. डोके खाली झुकले की कान चेहऱ्याच्या मानाने वर चढतात, वर उचलले की खाली येतात. एक मित्र दुसऱ्याकडे झुकून हसत असेल तर हे हमखास लागते.

क्रॉस कॉन्टूर : इथे वेळ घाला

प्रत्येक डोक्यावर एक उभी मध्यरेषा आणि चार आडव्या : भुवई, डोळे, नाकाचा तळ, ओठांची फट. या सरळ काढू नका. अंड्याला गुंडाळलेल्या दोऱ्यासारख्या त्या वळल्या पाहिजेत. डोके झुकलेले असेल तर दोऱ्याचा मध्य खाली उतरतो, मागे गेलेले असेल तर वर कमानीसारखा चढतो. डोके वळलेले असेल तर मध्यरेषाही फुगून त्या बाजूला सरकते. दोघांचे दोरे सहसा सारखे नसतात, कारण दोघे एकाच कोनात बसत नाहीत. एकाच्या चेहऱ्यावर जमलेली वक्रता सवयीने दुसऱ्यावर उतरवली की तो कुठेतरी भलतीकडे पाहत असल्यासारखा दिसतो, आणि कारण काही सापडत नाही.

आता फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि साधारण अर्ध्या सेंटिमीटरवर आडव्या वळणरेषा काढून चेहरा पूर्ण गुंडाळा. रेषा कपाळावर बऱ्यापैकी सपाट धावते आणि कानशिलापाशी एकदम मागे वळते. भुवईच्या हाडावरून खाली घसरून डोळ्याच्या खोबणीत शिरते, तिथे बुबुळाच्या गोळ्यावर पुन्हा फुगते. नाकावर तिला तीन तुकडे पडतात : बाजू, वरची पट्टी, दुसरी बाजू. गालाच्या हाडावर ती पुन्हा पुढे येते. वरच्या ओठावर मध्ये एक आणि बाजूला दोन असे तीन उंचवटे, खालच्यावर दोन. हनुवटीवर लहानसा गोळा, त्याच्या वर खाच. हसणाऱ्या चेहऱ्यावर गाल वर सरकून गोळे होतात, आणि त्यांच्यावरची रेषा खालच्या पापणीला टेकते.

फुकट मिळणाऱ्या क्रॉस कॉन्टूरही शोधा. शर्टाची कॉलर ही मानेभोवतीची क्रॉस कॉन्टूरच आहे. गळ्यातली साखळी, टोपीची कड, केसांचा भांग, टी-शर्टाचे पट्टे, चष्म्याच्या काड्या याही तशाच. त्या बरोबर वळल्या की खालचा आकार आपोआप गोल दिसतो. कॉलर सरळ रेघेसारखी काढली तर मान फळीसारखी दिसते, मग शेडिंग कितीही करा.

मुख्य कागदावर या रेषा जेमतेम दिसतील इतक्याच ठेवा आणि नीडेबल खोडरबर दाबून उचलून घ्या, घासू नका.

खरी रेषा

पुढच्या मित्रापासून सुरुवात करा, आणि तीही दोघे जिथे एकमेकांना भिडतात तिथून. मागच्याची रेषा कुठे थांबायची ते पुढच्याची रेषा ठरवते.

२बीने, वळणापासून वळणापर्यंत एक फटकारा : कानशिलापासून गालाच्या हाडापर्यंत एक, तिथून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत दुसरा, तिथून हनुवटीपर्यंत तिसरा. पेन्सिल उचलायची ती दिशा बदलते तिथेच. केसाळ, पुन्हा पुन्हा गिरवलेली रेषा नको. तिच्यात दहा अंदाज असतात आणि निर्णय एकही नसतो. रेषा चुकली तर ती तशीच ठेवून शेजारी बरोबर रेषा काढा आणि मग चुकलेली पुसा. आधी पुसले की तुलना करायला काही राहत नाही.

जाडीचा हिशेब असा. प्रकाशाच्या बाजूला पाव मिलिमीटर किंवा त्याहून कमी, काही ठिकाणी रेषा चक्क सोडून द्या. सावलीच्या बाजूला अर्धा मिलिमीटर. जिथे एक आकार दुसऱ्यावर दाबतो, म्हणजे हनुवटीखाली, केस मानेवर पडतात तिथे, खांद्यावर हात टेकतो तिथे, एक मिलिमीटरपर्यंत. सगळीकडे सारखी जाडी ठेवली तर चित्र रंगभरणाच्या पुस्तकातल्यासारखे दिसते.

सांधे हा दोघांच्या चित्राचा कणा. मागच्याची रेषा पुढच्याच्या कडेला येऊन मिळते तिथे इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखा सांधा होतो. पुढची रेषा अखंड जाऊ द्या. मागची तिच्यापासून एक-दीड मिलिमीटर अलीकडे पुसट करून सोडा. एवढ्याशा फटीने पुढचे डोके कागदातून वर येते. दोघांचे गाल किंवा डोकी प्रत्यक्ष टेकली असतील तर मात्र दोन रेषा काढू नका. दाबलेल्या जागी दोघांची मिळून एकच रेषा असते, थोडी सपाट झालेली. ती वर आणि खाली दुभंगते, आणि दुभंगण्याच्या त्या कोपऱ्यातच सर्वांत गडद ठिपका पडतो. तो ठिपका ४बीने द्या. स्पर्श दाखवायला तेवढा पुरतो.

खांद्यावरच्या हाताची बोटे नखांसकट रंगवत बसू नका. बोटांच्या वरच्या कडा, बोटांखालची जाड रेषा आणि तिथून पसरणाऱ्या कापडाच्या दोन-तीन चुण्या एवढेच काढा. हात कापडात रुतलेला दिसतो.

चेहऱ्यातल्या आतल्या रेषांबाबत काही गोष्टी जपाव्या लागतात. वरच्या पापणीची रेषा जाड, कारण तिथे पापणीची सावली आणि केस दोन्ही आहेत. खालच्या पापणीला काठावर थोडी जाडी असते, तिथे रेषा नको, एक फिकट पट्टी ठेवा. नाकाच्या दोन्ही बाजूंना रेषा ओढू नका, उजेडाची बाजू हरवू द्या. नाकपुडीपासून तोंडाच्या कोपऱ्याकडे येणारी हास्याची घडी ही रेषा नाही, वळण आहे. ती कडक रेषेने दाखवली तर पंचविशीतला मित्र पंचेचाळिशीचा दिसतो. नाकपुडीपाशी थोडी गडद सुरुवात करून मध्येच सोडा. दात एकेक सुटे काढले की हसू भयानक होते. वर हिरड्यांची कड, तोंडाचे दोन कोपरे आणि खालच्या कडेवर दोन-तीन लहान खुणा एवढे बस.

चष्मा असेल तर एक बारकावा पाहा. मायनस नंबरच्या काचेतून दिसणारी गालाची कड बाहेरच्या कडेपेक्षा आत सरकलेली असते, प्लस नंबरच्या काचेतून बाहेर. फ्रेमच्या आत रेषेला ती पायरी द्या. चेहरा ओळखू येण्यात अशा पायरीचा वाटा विलक्षण मोठा असतो.

छटा, पण रेषेच्या दिशेने

शेडिंग करताना ट्रेसिंग पेपर शेजारी ठेवा. हॅचिंगच्या, म्हणजे छटा देणाऱ्या जवळजवळच्या समांतर रेघा त्याच वळणांवरून चालवा, एक ते दीड मिलिमीटर अंतराने. दुसरा थर पहिल्याशी २० ते ३० अंशांनी तिरका. काटकोनात दिला तर जाळी दिसते. तीन थरांत मध्यम सावली येते. बोटाने घासू नका. बोटाचे तेल कागदावर बसते, छटा डागाळते आणि खोडरबराने नीट उचलत नाही. काळेपणासाठी जोर दिला तर ग्रॅफाइट दाबले जाऊन चकाकते आणि बाजूने पाहता काळ्याऐवजी करडे दिसते. हलके थर चढवत गेले की ही अडचण येत नाही.

छटा आणि रेषा यांचा एक करार आहे. छटा जिथे कड दाखवते तिथे रेषा काढून टाकायची. गडद केसांसमोर उजळ गाल असेल तर केसांची काळोखी तिथे थांबते तीच गालाची कड. वर पुन्हा रेषा ओढली तर गाल चिकटवलेला वाटतो. फ्रेंच चित्रकार आंग्र (१७८०–१८६७) यांनी रोममध्ये काढलेल्या पेन्सिल व्यक्तिचित्रांत चेहरे नाजूक छटांनी घडवलेले असतात आणि कपडे बरेचसे मोकळ्या रेषांवर सोडलेले. दोन मित्रांच्या चित्रातही हाच मार्ग सोयीचा : छटा चेहऱ्यांवर, कपडे रेषेवर. मागच्या मित्राला छटांचे दोनच थर आणि किंचित बारीक रेषा द्या, म्हणजे तो जागच्या जागी मागे जातो.

दोघे भाऊ दिसू लागले तर

ही तक्रार फार येते, आणि कारण बहुतेक वेळा एकच. हाताला एक डोळा आणि एक नाक पाठ झालेले असते, तेच दोनदा उतरते. उपाय मोजण्यात आहे. प्रत्येकासाठी तीन गुणोत्तरे कागदाच्या कडेला लिहा : दोन डोळ्यांमधले अंतर डोळ्याच्या रुंदीच्या किती पट, नाकाच्या तळापासून हनुवटी नाकाच्या लांबीच्या किती पट, तोंडाची रुंदी बुबुळांमधल्या अंतराच्या किती. दोघांचे आकडे शेजारी ठेवले की फरक कुठे आहे ते कळते. तिथल्या रेषा आधी दुरुस्त करा. मग चित्र आरशात पाहा, उलटे धरूनही पाहा. कललेले डोळे आणि घसरलेले तोंड लगेच ध्यानात येते.

स्वाक्षरी झाल्यावर फिक्सेटिव्ह, म्हणजे ग्रॅफाइट कागदावर पक्के करणारा फवारा, २५ ते ३० सेंमी अंतरावरून, हवेशीर जागी, दोन हलक्या थरांत मारा. एकच ओला थर दिला तर डाग पडतात. त्यानंतर रेषा पुसणे अवघड होते, म्हणून शेवटच्या दुरुस्त्या आधी उरकून घ्या. मित्रांना पाठवण्यासाठी चित्राचा फोटो काढायचा असेल तर दिवा बाजूने ४५ अंशांवर ठेवा. दिवा समोर असेल तर ग्रॅफाइट चमकते, आणि सर्वांत गडद केलेले कोपरेच फोटोत पांढुरके येतात.